आबांची ऊठबस

"मस्क्युलर वेस्टिंग," असं म्हणून डॉक्टरांनी माझ्या वडिलांच्या मांडीची कातडी चिमटीत धरून वर उचलली आणि सोडून दिली. ती खाली बसलीच नाही. ओल्या धोतराच्या चुणीसारखी तशीच उभी राहिली.

मसल म्हणजे स्नायू आणि वेस्टिंग म्हणजे झिजून जाणं. वय झालं की अंगातलं मांस हळूहळू कमी होतं, आणि त्यात माणूस महिनाभर अंथरुणाला खिळला की भराभर आटतं, असं डॉक्टरांनी समजावलं. मी मान डोलावत होतो, पण माझं सगळं लक्ष त्या चुणीकडे होतं आणि मला मळमळत होतं. ज्यांना घरच्या माणसाच्या दुखण्याची किळस येते, आणि किळस येते म्हणून स्वतःची लाज वाटते, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. ज्यांना कधीच येत नाही त्यांनी इथेच थांबावं. ती संतमंडळी, त्यांना माझा काय उपयोग!

मी पारोळा आणि धुळे यांच्या मधल्या एका गावचा पोस्टमास्तर. पन्नाशी उलटली आहे. गणपतीच्या नाटकांत तीस वर्षं राक्षसांची कामं केली, त्यामुळे आवाज मोठा आणि मिशी त्याहून मोठी. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. सत्तरी ओलांडलेले शेतकरी. कपाशीचं गाठोडं एका झटक्यात डोक्यावर घेऊन वावरातून गाडीपर्यंत चालत यायचे, आणि गाठोड्याखाली त्यांचे पाय तेवढे दिसायचे. ते पाय मी लहानपणापासून पाहत आलो. आता दवाखान्याच्या बाकावर त्यांच्या जागी दोन काटक्या लोंबत होत्या.

सुरुवात अशी झाली. त्या वर्षी पावसाळा संपता संपता आबांना हिवतापाने धरलं. लढाईचे दिवस, तापावरचं कोयनेल मिळता मिळेना. ताप गेला तोवर महिना उलटला होता. मग एका सकाळी आबा टमरेल घेऊन नाल्याच्या कडेला परसाकडे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. शेवटी हाक ऐकू आली, "इठ्या!"

मी गेलो. ते बसले होते ते बसलेलेच होते. उठता येत नव्हतं. एकदा उठायला गेले असावेत आणि मागे बसले असावेत, कुठे ते मी सांगायला नको. मी मागून काखेत हात घालून त्यांना उचललं आणि पुढे जे करावं लागलं ते केलं. घरी येऊन तीनदा साबण लावला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नाटकात रक्त पिणारा राक्षस मी, पण तोंडात घास धरवेना.

आबांनी ते पाहिलं. संध्याकाळी म्हणाले, "मना पाय कोठे गयात रे इठ्या?"

मी त्यांच्या पायांवर पांघरूण ओढलं. त्यांनी ते बाजूला सारलं.

"माले दवाखानामा ली चाल. दुसरं काही नको. परसाकडे मना मी जासु, इतलंच जोयजे."

एवढंच त्यांचं मागणं होतं. कोणी धुवायला नको, कोणी उचलायला नको. माझी थोरली बहीण, अक्का, चोपड्याला दिलेली. ती भेटायला आली आणि म्हणाली, सुताराकडून भोक पाडलेली खुर्ची करून घेऊ, खाली भांडं ठेवू, म्हणजे घरातच सोय होईल. आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. त्यानंतर मी त्यांना धुळ्याला नेलं.

त्या वेळी मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागे भट्टी, चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. आबांची लघवी तपासायला न्यायची होती, ती मी माक्याच्या तेलाच्या बाटलीत भरली होती. शेजारच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "घरी काढता का हो तेल?" मी म्हणालो, "आमचे वडील काढतात." बाई म्हणाल्या, रंग छान आहे.

दवाखान्यातल्या व्हरांड्यात फिनेल, घाम आणि पिकदाणीतला ऐवज यांचा मिळून एक वास होता. तो मी घरी नेला, अंगावर, फुकट. लघवी झाली, थुंकी झाली, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून झाली, पाठीला नळी लावून झाली. दोन दिवस धर्मशाळेत काढून पुन्हा त्याच बाकावर बसलो. क्षय नाही, मधुमेह नाही. मग ती चिमटी, ती चुणी आणि ते भारदस्त नाव.

डॉक्टर पुण्याकडचे, तरुण, थोडक्यात बोलणारे. त्यांनी फीत लावून मांडीचं माप घेतलं, वहीत लिहिलं आणि म्हणाले, "ह्याला बाटलीतलं औषध नाही. चांगलं खायला घाला. उडीद, दूध, शेंगदाणे, मेथी. आणि मुख्य म्हणजे ह्यांची ऊठबस रोज झाली पाहिजे. सकाळ, दुपार, संध्याकाळ. त्यात कसूर करू नका."

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "साहेब, आमच्या घरात ऊठबस शिकवावी लागत नाही!"

आणि तिथेच मी माझ्या बापाचं वाटोळं करायला घेतलं.

आमच्याकडे ऊठबस म्हणजे पाहुण्याची ऊठबस. जावई आला की पायावर पाणी, पाट, पानात तुपाची धार, हात धुवायला तांब्या, झोपायला गादी. माझी बायको सीताबाई यात पंचक्रोशीत नावाजलेली. मी ओट्यावर उभा राहून नाटकातल्या आवाजात जाहीर केलं, "आजपासून आबांची ऊठबस!" सीताबाईंनी पदर खोचला.

आबांना पाण्याचा पेला उचलू दिला नाही. धोतर आम्ही नेसवलं. खाटेवरून मी उचलायचं, ओट्यावर ठेवायचं, ओट्यावरून उचलून पुन्हा खाटेवर. परसाकडे तर पालखीच. मी एका बाजूला, टपाल वाहणारा पोस्टाचा रनर दुसऱ्या बाजूला. आबा मधे डोळे मिटून.

"मी पोतं शे का रे? उचली उचली काय ठेवतस?" ते म्हणायचे.

"आबा, डॉक्टरांचा हुकूम आहे."

आणि खाण्याचं म्हणाल तर उडीद, दूध यांवर आमचं समाधान होईना. इतकं साधं कधी औषध असतं का? अक्काने चोपड्याहून गाठोडी आणली आणि घराचा काष्ठौषधींचा कारखाना झाला.

मेथी रात्रभर भिजवून वाटायची. तो लगदा वाटीत थरथरायचा आणि मला उगाच बेडूक आठवायचा. मग आस्कंद. शास्त्रीबुवा म्हणतात की त्याला घोड्याचा वास येतो म्हणून अश्वगंधा. बुवांनी घोडा लांबून पाहिला असावा. मी सांगतो, चार कोस पळून आलेल्या घोड्याची खोगिराखालची घोंगडी दुधात पिळली, तर जे होईल ते आस्कंदाचं दूध. सफेद मुसळी त्याहून बरी, तिला वास नाही, पण दुधात शिजली की ती बुळबुळीत होते. चमचा वर उचलला की खालचं सगळं त्याच्याबरोबर वर यायचं. आबांच्या मिशीपासून वाटीपर्यंत तार लागलेली असायची, आणि ती तोडायचं काम माझ्याकडे होतं.

आबा एकदा म्हणाले, "बठ्ठा पाला माले चारी दिधा. बकरीले काय राह्यनं?"

मुसळी संपली तेव्हा मी स्वतः चोपड्याच्या बाजाराला गेलो. सातपुड्याच्या पायथ्याची माणसं तिथे डोंगरातला माल आणतात. एका म्हातारीपुढे मुसळीच्या सोललेल्या मुळ्यांचा ढीग होता. मी विचारलं, "आजी, तुमच्याकडची म्हातारी माणसं रोज किती खातात ही?"

ती हसली. "आमना डोकरा खात नही भाऊ. खणस. डोंगर चढीसन."

मी तिच्या अडाणीपणावर हसलो, आणि दुप्पट मुसळी घेतली.

दोन महिने हे चाललं. आबांचे गाल थोडे भरले, पण पाय वाळतच होते. जेवणही कमी झालं होतं. अर्ध्या भाकरीवर "पोट भरनं" म्हणायचे. मी म्हणायचो औषधांनी पोट भरतंय, चांगलं आहे.

मग संक्रांतीच्या सुमारास अक्काने शेवटचं अस्त्र पाठवलं, खाजकुयली. तिचं बी दुधात शिजवून, सोलून, कुटून दिलं तर म्हणे मेलेलं मांस उठतं. बी पाठवायचं सोडून अक्काने अख्ख्या शेंगा पाठवल्या. ज्यांनी ती शेंग पाहिली नाही त्यांना सांगतो, वरून सोनेरी मखमल असते. हात लावावासा वाटतो. ती मखमल म्हणजे बारीक कुसं, आणि एक कूस अंगाला लागलं की माणूस स्वतःची कातडी सोलायला तयार होतो.

सीताबाई ओट्यावर शेंगा फोडायला बसल्या. वारा होता. दोरीवर आबांचं धोतर वाळत होतं. तेच धोतर मी दुपारी प्रेमाने आबांना नेसवलं.

क्षणभर काही नाही. मग आबांचे डोळे मोठे झाले. "इठ्या... हाई काय..." आणि आबा ताडकन उठले! खाटेवरून, कोणाचा हात नाही, भिंत नाही. उठले, धोतर फेडलं, अंगणात तीन पावलं नाचले आणि माझ्या अंगावर कोसळले.

मी आनंदाने ओरडलो, "लागू पडलं! खाजकुयली लागू पडली!"

"अहो, अजून शिजवलीसुद्धा नाही!" सीताबाई दोन्ही हात खाजवत किंचाळल्या.

खाजकुयलीवर उतारा एकच, शेण. ओलं शेण फासायचं, वाळलं की कुसांसकट ओढून काढायचं. माझ्या जन्मदात्याला मी कमरेपासून घोट्यांपर्यंत शेण लिंपलं, मग स्वतःला, मग सीताबाईंनी स्वतःला. तिघे उन्हात वाळत बसलो. वाळताना शेण कातडी ओढतं, त्याबरोबर केस येतात, आणि माशा येतात त्या वेगळ्या.

"सारवा माले बठ्ठा, भितना मायक," आबा म्हणाले. "मंग वरथून रांगोळी काढा."

पण उठले होते हे खरं. त्या उत्साहात मी त्यांना पुन्हा धुळ्याला नेलं.

तोच व्हरांडा, तोच वास. मी आधी खाजकुयलीचा पराक्रम सांगून टाकला. डॉक्टरांनी फीत लावली, वहीतला आकडा पाहिला, पुन्हा फीत लावली. मांडी दोन बोटांनी उतरली होती.

"ऊठबस होते ना रोज?"

"अहोरात्र, साहेब! घरातली सगळी माणसं त्याच कामाला लावली आहेत. शिवाय पोस्टाचा रनर."

डॉक्टरांना समजेना. "रनर कशाला?"

"एका बाजूने धरायला. आम्ही यांचा पाय जमिनीला लागू देत नाही. पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही!"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पोस्टमास्तर, मी म्हणालो होतो ऊठ, बस. ऊठ. आणि बस." आणि तो माणूस खुर्ची सोडून पुढे आला. कोट घातलेला असतानाच सगळ्या रोग्यांसमोर फरशीवर उकिडवा बसला आणि उठला. पुन्हा बसला, पुन्हा उठला. "हे! हे यांनी करायचं. तुम्ही नाही. अजून दोन महिने अशीच सेवा केलीत तर मग खाजकुयलीच काय, आग लागली तरी हे उठणार नाहीत."

बाकावरचे लोक हसत होते. मी हजार प्रेक्षकांसमोर मेलो आहे, पण तेव्हा पडदा पडायचा.

मी औषधांची यादी पुढे केली. त्यांनी ती नीट वाचली. म्हणाले, "ह्यात वाईट काही नाही. आस्कंदाने झोप लागत असेल तर द्या. मेथी, उडीद हवेतच. पण पोटात गेलेलं मांडीपर्यंत पोचायला मांडीने ते मागावं लागतं. बसलेली मांडी काही मागत नाही. परवा खाज सुटल्यावर उठले म्हणजे पायात अजून जीव आहे. आता सांगा, जेवतात किती?"

"अर्धी भाकरी," मी म्हणालो.

"का हो आबा? भूक नाही?"

आबांनी धोतर गुडघ्यांवरून खाली ओढलं. मग हळू म्हणाले, "खाधं ते जानं पडस."

डॉक्टरांना आमची बोली कळत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

मला सांगता येईना. खाल्लं की जावं लागतं. जावं लागलं की मी आणि रनर येतो, उचलतो, धुतो, आणि मी तोंड बाजूला फिरवतो. ते माझं फिरवलेलं तोंड आबा रोज पाहत होते आणि त्यासाठी उपाशी राहत होते. दोन महिने! ज्या मांडीला मी चमच्या-चमच्याने मुळ्या चारत होतो, तिच्या तोंडची भाकरी मीच काढून घेतली होती.

शेवटी सांगितलं. डॉक्टर पुढे झाले. आबांच्या गुडघ्यावर त्यांनी हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

मी व्हरांड्यात जाऊन पिकदाणीत ओकलो. इतके दिवस दाबून ठेवलेलं एकदाचं बाहेर आलं. या वेळच्या किळसेत माझाच वाटा मोठा होता.

घरी आल्यावर खाटेच्या चारी पायांखाली चार-चार विटा ठेवल्या. उंचावरून उठायला सोपं जातं. मी समोर उभा राहायचं, पण हात लावायचा नाही. पडायला लागले तरच धरायचं. पहिल्या दिवशी आबा दोनदा उठले. तिसऱ्यांदा पाय असे लटपटले की सीताबाई आत निघून गेल्या. माझे हात आपोआप पुढे जायचे, ते मी मागच्या बाजूने धोतराच्या काष्ट्यात अडकवून ठेवले. सेवा करणाऱ्यांनो, हे सगळ्यांत कठीण काम आहे. उचलणं त्यापुढे काहीच नाही.

सुंदर दिसत नव्हतं ते. घामाचा वास, लाळ, प्रत्येक उठण्याला वरून एक आवाज आणि खालून एक. आबा मला, डॉक्टरांना, अक्काला, सरकारला आणि विटा भाजणाऱ्याला शिव्या द्यायचे. दर आठ-दहा दिवसांनी मी एकेक वीट काढायचो. वीट काढली की पुन्हा नव्याने शिव्या.

आणि जेवण वाढलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, शेंगदाण्याची चटणी, मेथीची भाजी. तीच मेथी, पण फोडणी घातलेली, बेडूक न झालेली. आस्कंदाचं दूध संध्याकाळी ते स्वतःहून मागायचे, म्हणायचे झोप चांगली लागते. मुसळी मी गावातल्या बाळंतिणीला देऊन टाकली. सगळी झाडपाल्याची औषधं खोटी आहेत असं माझं म्हणणं नाही. त्यांनी मदत केली असेल. पण खाटेवर पडलेल्या माणसाच्या तोंडात ती कोंबत बसणाऱ्या शहाण्यांची मला आता शिसारी येते, आणि त्या शहाण्यांत पहिलं नाव माझं.

होळीच्या आधी एका सकाळी आबांची खाट रिकामी दिसली. मी चप्पल न घालता नाल्याकडे धावलो. आबा समोरून येत होते. हातात काठी, धोतराला माती, कोपर खरचटलेलं. मी मधेच थांबलो.

"काय देखस? माणूस देखा नही का कधी?"

"आबा, उठता आलं?"

"दोन खेपा पडनू. तिसरी खेपले उठनू." आणि माझ्या बाजूने ते पुढे निघून गेले. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

गाठोडं ते पुन्हा कधी उचलणार नाहीत. पाय भरले, पण पूर्वीसारखे नाहीत. चालताना काठी लागते. वय मागे गेलं नाही. डॉक्टरांनी शेवटची फीत लावली तेव्हा हेच सांगितलं, आणि मग माझ्या पोटाकडे आणि पायांकडे पाहून म्हणाले, "पोस्टमास्तर, हे पन्नाशीतच सुरू होतं बरं." मी हसून वेळ मारून नेली. आबांना शहरी भाषा सगळी कळते, हे मी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी ओट्यावर अकरा उठाबशा काढल्या आणि मला म्हणाले, "आते तू बस."

मी बसलो. एक, दोन, तीन. पाचव्याला गुडघे वाजले. सातव्याला मिशीतून घाम गळला. आठव्याला खाली गेलो तो वर येईना. मांड्या थरथरत होत्या आणि आधाराला काही नव्हतं. मी मान वर करून हात पुढे केला.

माझ्या बापाने आपले दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"हात देवाव नही," आबा म्हणाले. "डागदरनी सांगेल शे. ऊठ."